भायखळा स्टेशनची माहितीफेरी : प्रकल्पाच्या नोंदी

८ जून २०२५

काम ठरलं. भायखळा स्टेशनवर शाळेतल्या मुलांसाठी मराठीतून एक तासाची माहितीफेरी काढायची आणि मुलांच्या हातात द्यायला चार घड्यांचं पत्रक छापायचं. मुहूर्त जागतिक वारसा सप्ताहाचा, म्हणजे १९ ते २५ नोव्हेंबरच्या दरम्यानचा. मंडळी चौघं. मी, जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करणारी माझी आर्किटेक्ट मैत्रीण, जवळच्याच एका शाळेतल्या इतिहासाच्या बाई आणि रेल्वेतून निवृत्त झालेले मोटरमन काका.

हा विषय का, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. भायखळ्याची जुनी इमारत २०१९ च्या जुलैपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत दुरुस्त होत होती. त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आले. पण नक्की केलं काय, हे रोज तिथून लोकल पकडणाऱ्या माणसाला कुणी त्याच्या भाषेत सांगितलेलं नाही. हे स्टेशन त्याचं आहे, तेव्हा त्याला कळायलाच हवं.

१० जून

काल सकाळी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडले. चौघांचा जीव गेला. संध्याकाळी आम्ही बसलो होतो खरे, पण कामात कुणाचंच लक्ष लागेना. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, स्टेशनच्या कमानींबद्दल सांगा, जरूर सांगा. पण पोरांना आधी हे सांगा, की दारात लोंबकळायचं नाही."

पत्रकात हे घ्यायचं ठरलं. दुसरंही एक ठरलं. आपण स्टेशनकडे इमारत म्हणून बघू तेव्हा त्यातून जाणारी गर्दी नजरेआड होता कामा नये. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ ला परळ-एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. इथे पुलाची रुंदी आणि जिन्याची वळणं हा जिवाशी जोडलेला प्रश्न आहे. जुनी वास्तू सांभाळताना माणसांची वाट अडत असेल तर ते सांभाळणं आम्हाला नको.

२२ जून

ग्रंथालयात बसून तारखा लावल्या. दोन तारखांची सगळीकडे सरमिसळ आहे, ती आधी सोडवायला हवी होती.

पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, दुपारी साडेतीनच्या सुमाराला. चौदा डबे, सुमारे ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी, ओढायला तीन इंजिनं : साहिब, सिंध आणि सुलतान. अंतर ३४ किलोमीटर. भायखळा तेव्हापासूनचं ठिकाण, पण तेव्हा तिथे लाकडी बांधकाम होतं. आज जी दगडी इमारत दिसते ती १८५७ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे जागा १८५३ ची आणि इमारत १८५७ ची. पत्रकात दोन्ही साल वेगवेगळी द्यायची.

यावरूनच दुसरा मुद्दा निघाला. "भारतातलं सर्वांत जुनं स्टेशन" असं बाईंनी मथळ्यात लिहिलं होतं, मी ते काढायला लावलं. चेन्नईचं रोयापुरम स्टेशन १८५६ मध्ये सुरू झालं आणि त्याची इमारत अजून उभी आहे. भायखळ्याला असल्या बिरुदाची गरज नाही. मुलांना एवढंच सांगितलं तरी डोळे मोठे होतील, की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची ती भव्य इमारत बांधायला घेतली १८७८ मध्ये, आणि तेव्हा भायखळ्याच्या या दगडांनी वीस पावसाळे पाहिले होते.

६ जुलै

स्टेशन आलं तेव्हा भोवती काय होतं, याचा नकाशा काढायला घेतला. या पानावर माझा जीव रमला, त्यामुळे नोंद लांबणार.

१८५० च्या आसपासचं भायखळा म्हणजे गावाबाहेरची मोकळी, श्रीमंत वस्ती. १८३३ मध्ये सुरू झालेला भायखळा क्लब होता, घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं (शर्यती महालक्ष्मीला गेल्या त्या नंतर), बागांमधले बंगले होते. फोर्टातल्या दाटीतून सुटून साहेब आणि शेट लोक इकडे राहायला येत. १८५२ च्या फेब्रुवारीत याच भागात मुंबईकरांनी पहिलं वाफेचं इंजिन चालताना पाहिलं. रूळ टाकणाऱ्या कंत्राटदारांचं ते इंजिन होतं आणि गव्हर्नर लॉर्ड फॉकलंडचं नाव त्याला दिलं होतं.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) ही कंपनी १८४९ मध्ये कायद्याने उभी राहिली. तिच्या आधीपासून, १८४५ पासून, मुंबईत आगगाडी आणायची खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय होते. मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कली. रूळ टाकायला हजारो मजूर खपले, त्यातल्या एकाचंही नाव मला मिळालं नाही. पत्रकात नानांच्या शेजारी या मजुरांसाठी दोन ओळी राखून ठेवल्या आहेत, त्या जागा कमी पडली म्हणून कापायच्या नाहीत, असं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं.

मग बंगल्यांचं भायखळा बदलत गेलं. जीआयपीचं वर्कशॉप आधी भायखळ्यातच होतं, १८७९ मध्ये ते परळला गेलं. तारदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि पुढच्या काही दशकांत उत्तरेकडे धुराडीच धुराडी उभी राहिली. कोकणातून, घाटावरून माणसं आली, चाळी आल्या. १८६२ मध्ये राणीची बाग उघडली, १८७२ मध्ये बागेला लागून संग्रहालय, म्हणजे आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८६४ मध्ये डेव्हिड ससून यांनी बांधलेलं मागेन डेव्हिड सिनेगॉग. देऊळ, मशीद, चर्च, अग्यारी आणि सिनेगॉग एवढं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असलेली स्टेशनं देशात फारशी नसतील. या सगळ्यांचं एकच सामाईक आवार आहे, ते म्हणजे हा फलाट. नकाशाच्या मधोमध स्टेशन काढून चहूबाजूंनी या जागा दाखवायच्या, असं बाईंनी सुचवलं आणि तेच नक्की झालं.

२० जुलै

मैत्रिणीबरोबर स्टेशनवर. दुपारची वेळ निवडली, त्यातल्या त्यात मोकळी. पाऊस चालू.

तिने मला एकाच कमानीपाशी उभं केलं आणि दगडांच्या मधल्या फटी बघायला लावल्या. तिथे दगड आणि दगडाला जोडणारी दर्जा, म्हणजे सांध्यात भरलेल्या मालाची पट्टी, हे दोन्ही वेगवेगळे दिसतात. दर्जा दगडाच्या कडेपासून किंचित आत आहे, रंगाने फिकी आणि जराशी रवाळ. ती म्हणाली की जुन्या दगडी भिंतीची सगळी मेख या बोटभर पट्टीत असते. दगड पाणी फारसं पीत नाही, सांधा पितो. सांधा चुन्याचा असेल तर पावसात प्यालेलं पाणी ऑक्टोबरच्या उन्हात तिथूनच बाहेर पडतं. पण कुणीतरी घाईघाईने सिमेंट भरलं, की पाण्याची बाहेरची वाट बंद. मग ते आतल्या बाजूला सरकतं, लाकडाच्या तुळईचं टोक कुजवतं, नाहीतर दगडाच्या कडा फोडतं. सिमेंट चुन्यापेक्षा टणक, म्हणून चांगलं, ही समजूत मुंबईतल्या कितीतरी इमारतींच्या मुळावर आली आहे.

तेलरंगाचंही तसंच. दगडावर तेलरंग मारणं म्हणजे माणसाला भर उन्हाळ्यात रेनकोट घालून बसवणं, असं ती म्हणाली. हे वाक्य जसंच्या तसं पत्रकात जाणार.

भायखळ्याच्या कामात सगळ्यांत जास्त मेहनत गेली ती अशी, काढण्यात. वर्षानुवर्षं चढवलेले रंगाचे थर, भिंतींना चिकटून उभी राहिलेली वेडीवाकडी भर, लोंबणाऱ्या केबली. त्याखाली टोकदार कमानींच्या खिडक्या होत्या, ओतीव लोखंडाचे खांब आणि त्यांचे नक्षीदार कंस (ब्रॅकेट) होते, लाकूडकाम होतं. नवं म्हणून काही मिरवायचं नव्हतं. जे होतं ते उघडं करायचं, मोडलेलं त्याच जातीच्या मालाने सांधायचं आणि थांबायचं. कुठे थांबायचं हे कळणं हीच यातली खरी विद्या, आणि फेरीचा कणा हाच असायला हवा, हे मला आज त्या कमानीखाली पक्कं झालं. आतापर्यंत माझ्या आराखड्यात इतिहास तीन भाग आणि दुरुस्ती एक भाग होती. आता निम्मं-निम्मं.

निघताना एक मुलगा, कॉलेजातला असावा, आम्ही भिंतीला हात लावून काय बघतोय म्हणून थांबला. मैत्रिणीने त्याला दोन मिनिटांत चुना आणि सिमेंट समजावलं. त्याची गाडी आली आणि त्याने ती सोडून दिली.

१९ ऑगस्ट

कालपासून धो धो. रुळांवर पाणी चढलं आणि आज सीएसएमटी ते ठाणे मुख्य मार्गावरच्या लोकल बंद ठेवाव्या लागल्या. बैठक रद्द.

३१ ऑगस्ट

गणपतीच्या धामधुमीत थोडं काम उरकलं. काकांनी विजेच्या गाड्यांचा भाग लिहून आणला. स्वच्छ अक्षरात, फुलस्केपवर. देशातली पहिली विजेवरची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी धावली, याच वर्षी त्याला शंभर वर्षं झाली. ती हार्बरच्या बाजूने गेली, भायखळ्यावरून नाही, आणि पत्रकात हे स्पष्ट असावं असा काकांचा आग्रह. दीड हजार व्होल्टची डीसी वीज जाऊन पंचवीस हजार व्होल्टची एसी वीज आली, तो बदल त्यांनी स्वतः अनुभवलेला आहे. त्याबद्दल त्यांनी चार पानं लिहिली आहेत. पत्रकात चार ओळीच मावतील, पण पानं जपून ठेवायची. फेरीत तो भाग तेच बोलतील.

१४ सप्टेंबर

आज माणसांशी बोलले. भायखळ्याच्या मंडईतून भाजी घेऊन लोकलने उपनगरात विकायला नेणाऱ्या एक मावशी, आणि चाळीत राहणारे एक आजोबा, गिरणीत साचावर, म्हणजे मागावर, काम केलेले.

मावशींना विचारलं, स्टेशन आधी कसं होतं? पाटी खाली ठेवत म्हणाल्या, "कसं म्हंजे? भिंतच कुठं दिसत होती गं. पेट्या, पोस्टरं, वायरी. आता बरं वाटतं. पण मला इचारशील तर पाटी टेकवायला कट्टा पायजेल." हे मी शब्दशः उतरवून घेतलं. स्टेशनच्या सौंदर्याबद्दल आजवर जे जे ऐकलं, वाचलं त्यात यापेक्षा उपयोगी सूचना नव्हती. डोक्यावरचं ओझं टेकवायला खांद्याइतक्या उंचीचा कट्टा. पूर्वी वाटसरूंसाठी रस्त्याकडेला असे दगड रचलेले असत, बाईंनी ते लहानपणी गावाकडे पाहिले आहेत.

आजोबा १९८२ च्या संपाबद्दल बोलले. १८ जानेवारीला संप सुरू झाला. त्याआधी पाळी सुटली की लालबाग-परळपासून भायखळ्यापर्यंत रस्ते माणसांनी भरून जात. संपानंतर तो लोंढा आटला. गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि आता त्यांच्यातली, त्यांच्या पुढच्या पिढीतली माणसं कल्याण-डोंबिवली, बदलापूर-टिटवाळ्याहून लोकलने कामाला येतात. "आधी आम्ही गिरणीच्या भोंग्यावर चालायचो, पोरं इंडिकेटरवर चालतात," असं म्हणाले.

स्टेशन टिकलं ते यामुळे, हे त्यांच्याकडून उठताना मनात आलं. गिरण्या बंद पडल्या, क्लब गेला, शर्यती गेल्या. स्टेशन रोज वापरात राहिलं. वापराने झिजलं, मळलं, त्याच्यावर नको ते चढलं, पण पाडावं असं कुणाला परवडलं नाही.

५ ऑक्टोबर

दुरुस्तीचा भाग लिहून संपवला. मुख्य गोष्टी अशा.

इमारत मध्य रेल्वेची. पुढाकार शायना एन. सी. यांच्या आय लव्ह मुंबई या संस्थेचा, पैसा बजाज समूहाच्या न्यासाचा, संवर्धनाची बाजू आभा नारायण लांबा यांची. काम २०१९ च्या जुलैत सुरू झालं आणि २९ एप्रिल २०२२ रोजी तेव्हाचे रेल्वे राज्यमंत्री रावसाहेब दानवे यांच्या हस्ते स्टेशन लोकांना अर्पण झालं. मधली दोन वर्षं करोनाची. २०२० च्या मार्चअखेरीस लोकल बंद झाल्या, जूनच्या मध्यापासून फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी चालू झाल्या आणि दोन्ही लशी घेतलेल्या सर्वसामान्य माणसाला पुन्हा पास मिळाला तो १५ ऑगस्ट २०२१ पासून. मुलं तेव्हा फार लहान होती, त्यांना रिकाम्या फलाटाची कल्पनाच येणार नाही. मला मात्र ते दिवस लख्ख आठवतात. या शहरात एवढी शांतता चांगली वाटत नाही.

एक गैरसमज पत्रकात ठळकपणे दूर करायचा आहे. भायखळा स्टेशन जागतिक वारसा यादीत नाही. सीएसएमटी आहे, २००४ पासून. भायखळ्याला मिळाला तो युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक सांस्कृतिक वारसा संवर्धन पुरस्कार, २०२२ सालचा, अवॉर्ड ऑफ मेरिट. हा पुरस्कार वास्तू कशी दुरुस्त केली यासाठी असतो. त्याच वर्षी यातला सर्वोच्च पुरस्कार मुंबईच्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाला. माझ्या मते भायखळ्याचं मोल यामुळे वाढतं. वस्तुसंग्रहालय संध्याकाळी बंद करता येतं, तिकीट लावता येतं, दोरी बांधता येते. इथे शेवटची लोकल गेल्यानंतर पहिली येईपर्यंत जे दोन-तीन तास मिळतील तेवढीच उसंत. एरवी माथ्यावर विजेच्या तारा आणि खाली गाडीसाठी पळणारी माणसं. मुकादमापासून पाथरवटापर्यंत सगळ्यांना असल्या जागी हात स्थिर ठेवावा लागतो.

२६ ऑक्टोबर

दिवाळी उरकली. पत्रकाचा कच्चा नमुना हातात आला. मैत्रिणीने "पुनरुज्जीवन", "गतवैभव", "दिमाखदार" हे तिन्ही शब्द लाल पेनाने खोडले. त्याऐवजी "दुरुस्ती". चुन्याचं काम करणाऱ्या गवंड्याला विचारलं तर तोही हाच शब्द वापरेल, असं तिचं म्हणणं. बाईंना जरा जड गेलं, पण मानलं. मजुरांच्या दोन ओळी शाबूत आहेत. मावशींच्या कट्ट्याची सूचना चौकटीत टाकली आहे.

रेल्वेच्या हद्दीत मुलांचा गट नेण्यासाठी परवानगीचं पत्र दिलं. फोटो काढायचे तर तेही त्यात लिहावं लागतं.

९ नोव्हेंबर

रंगीत तालीम, फक्त आमची. रविवार, मेगाब्लॉकमुळे गाड्या कमी, पण आलेली प्रत्येक गाडी तुडुंब. मोठ्याने बोललं तरी उद्घोषणा सुरू झाली की काही ऐकू जात नाही. म्हणून फेरीची रचना बदलली. बोलायचं ते सगळं बाहेर, तिकीटघराच्या बाजूला. फलाटावर फक्त बघायचं. तिथे मुलांना एक काम द्यायचं : खांब पायथ्यापासून माथ्यापर्यंत बघा आणि तो कुठे रुंद होतो, कंस कुठे सुरू होतो, ते वहीत काढा. फलाटाच्या पिवळ्या पट्टीच्या आत राहून. मधला रस्ता मोकळा. दहा-दहांचे गट, प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस.

२३ नोव्हेंबर

फेरी झाली! परवानगी वेळेत आली होती. शाळेतली सातवी-आठवीची मुलं, काहींचे पालकही. काकांनी मोटरमनचा हात कसा असतो, गाडी थांबवताना फलाटाचा कुठला खांब नजरेने धरतो, हे करून दाखवलं तेव्हा मुलं अगदी थिजून ऐकत होती. विचारलेले प्रश्न टिपून ठेवले. दगड आणला कसा, तेव्हा ट्रकच नव्हते तर? (बैलगाड्या आणि माणसं.) चुना महाग असतो का? एवढं साफ केलं तर परत घाण होणार, मग?

शेवटचा प्रश्न आठवीतल्या एका मुलीचा. मैत्रिणीने तिला नीट उत्तर दिलं. परत घाण होणारच. दर वर्षी मेच्या आत छपराच्या पन्हळी साफ करायच्या, दर पावसाळ्यानंतर दर्जा तपासायच्या, फटीत पिंपळाचं रोप दिसलं की मूळ धरण्याआधी उपटायचं, आणि भिंतीला खिळा ठोकायचा मोह आला की सांध्यात ठोकायचा, दगडात नाही, म्हणजे तो काढल्यावर चुन्याने भरून घेता येतो. तीन वर्षांची दुरुस्ती यावर टिकते. मुलीने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि आमच्या इमारतीलाही चालेल का, असं विचारलं. तिची चाळ मोरलँड रोडला आहे, जुनी. मैत्रीण पुढच्या आठवड्यात बघायला जाणार आहे.

३० नोव्हेंबर

हिशेब आणि पुढची कामं. पत्रकं जवळपास संपली, दुसरी खेप काढावी लागेल. तीत मुलांनी काढलेल्या खांबांच्या चित्रांपैकी एक छापायचं, बहुधा ज्यात कंसाखालची वेलबुट्टी नीट उतरली आहे ते. हिंदी आणि उर्दूतही पत्रक हवं, अशी मागणी नागपाड्याच्या दोन शाळांकडून आली आहे. उर्दूसाठी बाईंनी ओळखीच्या शिक्षकांना विचारलंय.

पाटी टेकवायच्या कट्ट्याबद्दल स्वतंत्र अर्ज लिहायला घेतला. मापं मावशींना विचारून घातली : जमिनीपासून उंची त्यांच्या खांद्याएवढी, रुंदी दोन पाट्या शेजारी बसतील इतकी, आणि जागा जिन्याच्या तोंडाशी नाही, बाजूला. मैत्रीण नकाशावर जागा दाखवून देणार. मोरलँड रोडच्या चाळीची भेट शनिवारी सकाळी दहाला.